पाण्यावाचून अडलेली सोयरीक

विवाहयोग्य कन्येचा पिता जेव्हा स्थळ पाहावयास निघतो तेव्हा मुलाची जमीन किती, तीत भाऊबंदांचे हिस्से किती, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे काय, याची चौकशी तो करतोच. परंतु नांदेड जिल्ह्यातील लोहा, कंधार, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या उंचसखल पट्ट्यात ही सारी चौकशी होण्यापूर्वी, आणि पुष्कळदा मुलाच्या घरचा उंबरा ओलांडण्याच्याही पूर्वी, त्याची दृष्टी गावच्या विहिरीकडे वळते. आडाला चैत्रात पाणी राहते की नाही, हापशाला पाणी लागते की त्याची दांडी नुसतीच वरखाली होते, टँकर कोणत्या महिन्यापासून सुरू होतो, या प्रश्नांची उत्तरे त्याला कोणी सांगावी लागत नाहीत. वाटेत भेटणाऱ्या बायकांच्या डोक्यांवरील हंडे आणि त्यांच्या पायांवरची धूळ पाहून ती त्याला कळतात. मग मुलगा सुस्वभावी असो, शिकलेला असो, घरची चार एकर जमीन बोजाविरहित असो, पाहुणे चहा घेऊन उठतात आणि ‘कळवतो’ एवढेच बोलून निघून जातात. निरोप येत नाही, आणि तो येणार नाही हे मुलाच्या आईला पाहुणे उठतानाच समजलेले असते.

या गोष्टीला कोणी आपत्ती म्हणत नाही. तिचा पंचनामा होत नाही, तिच्या भरपाईसाठी तहसील कचेरीत अर्जाचा नमुना ठेवलेला नाही, आणि वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यावे असे तिच्यात काही नसते. अशा अगदी घरगुती, काहीशा लाजिरवाण्या वाटणाऱ्या दुःखाला एका मराठी चित्रपटाने आपल्या कथेच्या मध्यभागी बसविले, आणि तेही नांदेड जिल्ह्यातील एका प्रत्यक्ष वाडीचे नाव घेऊन, ही घटना मला फार मोलाची वाटते. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच चित्रपट. त्याचे नाव ‘पाणी’. लोहा तालुक्यातील नागदरवाडी हे त्याचे घटनास्थळ, आणि त्या वाडीतील हनुमंत केंद्रे या तरुणाच्या जीवनावरून घेतलेली ही कथा. हनुमंताची भूमिका दिग्दर्शकाने स्वतः केली आहे, नायिका सुवर्णेची रुचा वैद्य यांनी; सुबोध भावे, रजित कपूर आणि किशोर कदम यांच्याही भूमिका आहेत. २०१९ च्या ऑगस्टात जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण-संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला, आणि तरीही सामान्य प्रेक्षकाला तो पाहावयास मिळाला १८ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे गौरवानंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे पाच उन्हाळे, हे लक्षात घेतले म्हणजे हा विलंब किती दीर्घ होता ते कळते.

कथेचा सांगाडा साधा आहे. गावात पाणी नाही, म्हणून माणसे गाव सोडून जात आहेत. हनुमंताचे मन सुवर्णेवर जडले आहे, परंतु तिचा पिता आपली मुलगी अशा कोरड्या गावी द्यावयास तयार नाही. आणि हा नकार हनुमंत स्वतःचा अपमान न मानता गावाच्या स्थितीविषयीचे एक न्याय्य विधान मानतो, व ते विधान खोटे पाडण्यासाठी गावातच पाणी आणावयाचे ठरवितो. कथेचे खरे सामर्थ्य मला येथेच दिसते. आपल्याकडील हलाखीच्या चित्रपटांत कुटुंब आधी असते आणि मग ते कर्जाने, दुष्काळाने, मृत्यूने मोडत जाते. येथे कुटुंब मोडत नाही, ते जुळूच शकत नाही. एक घर, ज्यात उद्या चूल पेटावयाची होती, लेकरे वाढावयाची होती, म्हातारपणी आईबापांस आधार मिळावयाचा होता, ते घर भूजलाच्या पातळीमुळे अस्तित्वातच येत नाही. दुष्काळ पिके जाळतो, गुरे बाजारात नेऊन उभी करतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तो पुढची पिढीही अडवून धरतो, हे एखाद्या अहवालातून समजावे तसे न समजता दोन तरुण माणसांच्या चेहऱ्यांवरून समजावे, यासाठी चित्रपटाचेच माध्यम हवे होते.

सामान्यांची हलाखी पडद्यावर मांडणाऱ्या या परंपरेचे मूळ मराठी मातीत फार जुने आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट निर्माण केला, त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकाराच्या कागदपत्रांत अडकून जमीन गमावलेला कुणबी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढ्या कथेवर तो आधारलेला होता, आणि पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात असा विषय निवडणे हे मोठ्या धैर्याचे काम होते. पुढे इटलीत महायुद्धानंतर व्हित्तोरिओ दे सिका यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा चित्रपट १९४८ साली काढला आणि त्यात मुख्य भूमिकेसाठी व्यवसायाने कारखान्यातील कामगार असलेल्या माणसालाच उभे केले. चोरीला गेलेली एक सायकल म्हणजे एका कुटुंबाची संपूर्ण उपजीविका, ही गोष्ट तेथे कोणत्याही व्याख्यानावाचून प्रेक्षकाला उमगते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ने १९५५ साली तीच दृष्टी बंगालच्या खेड्यात आणली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५३ साली, आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला. त्यातील दारिद्र्य कोकणातील एका प्रतिष्ठित पण ओहोटीला लागलेल्या घराचे होते आणि त्याचा सारा भर आईच्या संस्कारांवर होता, हे खरे. परंतु कर्जदाराच्या दारात घरच्या बाईची जी मानखंडना होते तिचे दुःख मराठी प्रेक्षकाने त्या पडद्यावर आपले म्हणून ओळखले.

अलीकडील काळात ही वाट पुन्हा वाहती झाली. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) जुन्नरकडील एका शेतकऱ्याच्या मुलाचा आणि जायबंदी झालेल्या बैलाचा. त्यातील बापाला बैल विकावाच लागणार आहे, कारण तो विकल्यावाचून दुसरा बैल येणार नाही आणि दुसरा बैल आल्यावाचून पेरणी होणार नाही, हे अंकगणित मुलाच्या मायेहून निष्ठुर आहे आणि तरी बाप निष्ठुर नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यापासून आपल्या नवऱ्याच्या मनात तसे काही येऊ नये या धास्तीने अलका त्याच्या मागे आपल्या लहानग्या मुलाला पाळतीवर ठेवते आणि घरात गोडधोड करू लागते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेले ते दांपत्य ज्याने पाहिले आहे त्याला आत्महत्येच्या आकडेवारीत काय सुटून जाते ते वेगळे सांगावे लागणार नाही. राजेश पिंजाणी यांच्या ‘बाबू बँड बाजा’मध्ये बाप वाजंत्री, मुलाने तोच धंदा करावा अशी त्याची इच्छा, आणि आई त्याच्या शाळेसाठी झगडणारी, त्या आईच्या भूमिकेबद्दल मिताली जगताप-वराडकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे सर्व चित्रपट परस्परांहून भिन्न आहेत, परंतु त्या सर्वांनी हलाखीकडे घराच्या आतून पाहिले, स्वयंपाकघरातून, गोठ्यातून, दप्तरातून. आणि म्हणूनच त्यांत दारिद्र्य हे देखावा होत नाही.

मराठवाड्यातील माणसाला मात्र बराच काळ वाटत आले आहे की आपला प्रदेश पडद्यावर उशिरा आला. साहित्यात तो आधीच आलेला होता. लातूर तालुक्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ ची. एका शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या स्वतःच्या बोलीत सांगणारे ते पुस्तक मराठवाड्यातील कौटुंबिक वास्तवाचे आजही पहिल्या प्रतीचे दर्शन आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८८ साली मिळाला, आणि ज्या जमातीची नोंद पोलिसांच्या दप्तरात केवळ गुन्हेगार म्हणून होती तिच्या घरातील भूक त्या पुस्तकाने अक्षरांत आणली. चित्रपटाने या बोलीचा उपयोग पुष्कळदा हशा मिळविण्यासाठी केला. ‘करायलो’, ‘जायलो’ म्हणणारा माणूस पडद्यावर आला की तो भाबडा किंवा बेरकी असणार, असा जणू संकेतच होऊन बसला. त्याच बोलीत एखादा तरुण प्रेम करू शकतो, हताश होऊ शकतो, ग्रामसभेत उभा राहून मुद्देसूद बोलू शकतो, हे मोठ्या पडद्यावर दिसणे ही नांदेड-लातूरकडील प्रेक्षकाच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे.

चित्रपटाच्या विषयाकडे आता थोडे खोलवर पाहू; कारण पाणी का नाही हे ज्याला कळत नाही त्याला हनुमंताचा पराक्रम एक तर चमत्कार वाटेल, नाही तर अतिशयोक्ती. मराठवाडा हे वाळवंट नव्हे. लातूरचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ८०० मिलिमीटर आहे आणि नांदेडचे त्याहून काहीसे अधिकच. परंतु हा पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत, तुकड्यातुकड्याने पडतो, मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांत हुलकावणी देतो आणि पुष्कळदा काढणीच्या ऐन वेळी येऊन उभे पीक झोडपतो. ज्या भूमीवर तो पडतो ती काळ्या अग्निजन्य पाषाणाची, दख्खनच्या पठाराची. या बसाल्ट खडकाच्या अंगी पाणी साठविण्याची शक्ती अल्प असते, वरचा मुरमाचा, झिजलेला थर आणि खडकातील भेगा एवढीच त्याची कोठारे. डोंगरउतारावरची झाडी गेली, माती वाहून गेली, की पडलेले पाणी मुरावयास थांबत नाही. मन्याड, लेंडी, तेरणा, मांजरा या नद्यांकडे ते काही तासांत निघून जाते. त्यातच ऊस आला. ज्या प्रदेशात ज्वारी, तूर, करडई ही कोरडवाहू पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली तेथे बारमाही पाण्याचे पीक उभे राहिले. आडाच्या जागी विंधनविहीर आली, आणि ज्याच्या पदरी पैसा त्याची विंधनविहीर शेजाऱ्याहून खोल, असा एक मूक सामना जमिनीच्या पोटात सुरू झाला. त्यात हरणारा नेहमी तोच, ज्याला दुसऱ्यांदा विहीर पाडण्यासाठी कर्ज मिळत नाही.

या साऱ्याचा कडेलोट लातूर शहराने २०१६ साली अनुभवला. शहराला पाणी पुरविणारा मांजरा नदीवरील धनेगावचा जलाशय आटला; मार्चात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला; आणि १२ एप्रिल रोजी सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरील मिरजेहून ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात आली. पुढे वाघिणी वाढल्या आणि पावसाळा लागेपर्यंत ती गाडी येत राहिली. मिरजेच्या लोकांनी आणि रेल्वेने केलेली ती सेवा लातूरकर विसरणार नाहीत, विसरूही नये. तथापि एक साधा हिशेब येथे मांडणे अगत्याचे आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे १० हजार लिटर पाणी होते. म्हणजे एका हेक्टरवर ५० मिलिमीटरांची एक दमदार सर पडली की ५ लाख लिटर पाणी तेथे उतरले. साऱ्या देशाने ज्या पहिल्या गाडीची छायाचित्रे पाहिली तिच्यातील पाणी आणि एका लहानशा शेतावर एका रात्रीत पडून ओढ्याने निघून गेलेले पाणी, ही दोन्ही परिमाणे सारखी आहेत. हनुमंताच्या वाडीने जे केले त्याचे मर्म या हिशेबात आहे. तिने पाणी कोठून आणले नाही, जाणारे थांबविले.

ते थांबविण्याची रीत कोणत्याही पाणलोट क्षेत्राच्या कामात एकच असते, ‘माथा ते पायथा’. आधी डोंगराच्या उतारावर समान उंचीच्या रेषेत चर खोदावयाचे, म्हणजे धावत्या पाण्याचा वेग मोडतो आणि ते जागीच जिरते. त्याखाली दगडांचे लहान बांध, शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर मातीचे वा सिमेंटचे नालाबांध. वरचे सोडून कोणी प्रथम खालचाच बांध घातला तर दोन पावसांत तो गाळाने भरून जातो. ही कामे सरकारी योजनेतून, नाबार्डसारख्या संस्थेच्या साहाय्याने वा स्वयंसेवी मंडळींच्या मार्गदर्शनाखाली होतात; परंतु गावाने श्रमदानाचा आपला वाटा उचलावा, ही अट बहुतेक ठिकाणी असते, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्या बांधाला आपल्या घामाची ओळख नाही त्याची डागडुजी कोणी करीत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले त्या पिढीने रस्ते बांधले, पाझर तलाव बांधले. त्या दुष्काळातून महाराष्ट्राला रोजगार हमी योजना मिळाली. पण हुकमाप्रमाणे केलेले काम आणि स्वतः ठरवून केलेले काम यांतील अंतर त्या पिढीला ठाऊक होते.

चित्रपटाची कसोटी अशा विषयात फार अवघड असते. चर खोदणे हे नाट्यमय कृत्य नव्हे. त्याचे फळ त्याच दिवशी दिसत नाही, एका पावसाळ्यानंतरही पुरतेपणी दिसत नाही. भूजल वाढले की नाही हे पुढच्या वैशाखात विहिरीत वाकून पाहावे लागते. ‘पाणी’ने या संथ कामाला प्रेमकथेची गती जोडून ते प्रेक्षणीय केले, आणि याबद्दल दिग्दर्शकाला श्रेय दिलेच पाहिजे. परंतु त्याचीच दुसरी बाजूही बोलून दाखवणे मी कर्तव्य समजतो. एका तरुणाला नायक केले की गाव त्याच्या मागे उभा राहणारा समूह होतो, आणि पाणलोटाच्या कामात प्रत्यक्षात सर्वांत कठीण जो भाग, म्हणजे गावातील परस्परविरुद्ध हितसंबंधांचा मेळ घालणे, तो थोडक्यात उरकला जाण्याचा धोका निर्माण होतो. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केल्यावाचून डोंगरावर गवत उगवत नाही, हे खरे. पण चराईबंदीचा पहिला फटका कोणाला बसतो? ज्याला जमीन नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचे घर चालते त्याला. विहिरीला पाणी वाढते तेव्हा ते कोणाच्या विहिरीला वाढते? ज्याच्या नावे ओढ्याकाठची जमीन आहे त्याच्या. म्हणून भूमिहीनाला त्या कामावर मजुरी, वाढलेल्या गवतात वाटा आणि पिण्याच्या पाण्यावर पहिला हक्क मिळाला पाहिजे, ही गोष्ट ज्या गावांनी ग्रामसभेत ठरवून पाळली तेथेच काम टिकले. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर शेतीसाठी विंधनविहीर घेण्यावरच बंदी घातली आणि पाण्याचा ताळेबंद दर वर्षी गावासमोर मांडण्याची प्रथा पाडली. अशा बैठकीत होणारे भांडण, रुसवे, जुन्या भाऊबंदकीची आठवण, ही मराठी वास्तववादी चित्रपटाला लाभलेली अस्सल सामग्री आहे, आणि तिच्यावर आणखी एक संपूर्ण चित्रपट उभा राहू शकेल.

सुवर्णेविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. मुलीच्या बापाचा नकार आपण कठोर म्हणतो. पण तो नकार म्हणजे मुलीच्या पुढील चाळीस वर्षांच्या श्रमांचा त्याने केलेला अंदाज असतो. पाणी नसलेल्या घरी दिलेली मुलगी पहाटे उठून रांगेत उभी राहते, गरोदरपणी डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढते, मोठी मुलगी हाताशी आली की तिची शाळा सुटते कारण टँकर येण्याच्या वेळी घरात कोणी तरी असावेच लागते. आणि या श्रमाची नोंद शेतीच्या उत्पन्नात होत नाही, रोजगार हमीच्या हजेरीपटावर होत नाही, की पैसेवारीच्या कागदात होत नाही. निजामाच्या अमदानीत पटवारी आणि गिरदावर गावची जमाबंदी तपासत, नंतर तलाठी आणि मंडळ अधिकारी पीकपाहणी करू लागले, आणि पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली म्हणजे दुष्काळ धरावा असा शिरस्ता दीर्घकाळ चालला. परंतु या सबंध व्यवस्थेत दुष्काळ मोजला गेला तो शेतात उभ्या असलेल्या पिकावरून. घरातील रिकाम्या रांजणावरून तो मोजला असता तर कित्येक गावांत तो दर वर्षी जाहीर करावा लागला असता. वास्तववादी चित्रपटाने ही दुसरी मोजणी करावी, अशी माझी त्याच्याकडून अपेक्षा आहे. आणि ‘पाणी’मधील विवाहाच्या अडथळ्याने तिला आरंभ केला आहे.

या प्रदेशातील अनेक घरांच्या कथा अजून अशा मोजणीची वाट पाहत आहेत. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन, दिवाळीनंतर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर जाणारे ऊसतोड कुटुंब बीडप्रमाणेच लातूर-नांदेडच्या डोंगरी तालुक्यांतही आहे. त्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही, आणि म्हणून हंगाम तोंडावर आला की अल्पवयीन मुलामुलींची लग्ने घाईने उरकली जातात. नागदरवाडीत पाणी नाही म्हणून लग्न अडते, आणि त्याच दुष्काळामुळे दुसऱ्या घरी ते अकाली होते. एकाच कारणाची ही दोन टोके एका चित्रपटात समोरासमोर आली तर मराठवाड्यातील विवाहसंस्थेचे अर्थशास्त्र उलगडेल. लेकरे आईबापांबरोबर फडावर जावीत की आजीजवळ मागे राहावीत, शाळेच्या हंगामी वसतिगृहावर भरवसा ठेवावा की नाही, याचा निर्णय प्रत्येक घराला दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो, आणि कोणताही निर्णय घेतला तरी आईचे मन स्वस्थ राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, त्यानंतर नव्या गावठाणांत सरळ रेषेत घरे उभी राहिली. जुन्या वाड्याच्या चौकात एकत्र नांदलेल्या तीन पिढ्यांनी त्या सुट्या घरांत आपला संसार पुन्हा कसा मांडला, यात एक नव्हे, अनेक पटकथा आहेत.

अडचण प्रदर्शनाची आहे, आणि ती लहान नाही. जिल्ह्याच्या शहरांत जी चित्रपटगृहे आहेत तेथे असे चित्रपट गैरसोयीच्या वेळी, मोजक्या दिवसांपुरते लागतात, आणि ज्या शेतकऱ्याच्या घरावर चित्रपट निघाला त्याला एस.टी.चे भाडे काढून, दिवसाची मजुरी बुडवून तो पाहावयास जाणे परवडत नाही. मोबाईलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तो कोणी पाहील. पण ‘पाणी’सारखा चित्रपट एकट्याने पाहण्याचा नाही, कारण त्याचा विषयच एकट्याने सुटणारा नाही. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, माहिती खात्याची गाडी चावडीपुढे पडदा लावी, आणि सारा गाव घोंगड्या टाकून बसे. ती प्रथा जिल्हा परिषदेने, पंचायत समितीने किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने पुन्हा सुरू करावी. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर निर्मात्यांची परवानगी घेऊन हा चित्रपट दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथेच ग्रामसभा ठेवून, आपल्या शिवारातील कोणत्या नालाबांधात गाळ भरला आहे, कोणता चर बुजला आहे, याची यादी करावी. वैशाखाच्या आरंभी तो दाखवला, तर मृगाआधी फुटके बांध दुरुस्त करावयास पुरेसा महिना हाती राहतो.